सोनटक्क्यांचा गुरुवार

सोनटक्क्यांचा रविवार गुरुवारी यायचा.

पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांत ज्यांनी दिवस काढलेत त्यांना यात नवल वाटणार नाही. बाकीच्यांसाठी एकदा सांगून टाकते. आमच्या पट्ट्यात वीजकपात गुरुवारी, म्हणून कारखान्यांची साप्ताहिक सुट्टीही गुरुवारी. जग रविवारी लोळत असतं तेव्हा आम्ही पंचिंग करून आत गेलेलो असतो, आणि जग कामाला पळतं तेव्हा आम्ही गॅलरीत चहाचा कप घेऊन उभे. ज्ञानोबा सोनटक्के लातूरकडून या पट्ट्यात आले ते ऐन पंचविशीत. पन्नाशी उलटली तरी त्यांचा आठवडा तोच होता.

आमच्या कंपनीत मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या बनतात. सोनटक्के असेंब्लीचे सुपरवायझर. मी प्लॅनिंगला, कुठला माल कधी बनायचा आणि कधी निघायचा, याचं वेळापत्रक करणं हे माझं काम. त्यात थेरगावात आम्ही एकाच सोसायटीत राहतो, ते बी विंगमध्ये, आम्ही ए विंगमध्ये. त्यामुळे हा माणूस मला कामावरही दिसला आणि घरीही. कामाची, किराण्याची, प्रवासाची, कशाचीही यादी करून मोकळं व्हायची मला सवय आहे. सोनटक्क्यांच्या बाबतीत मात्र मी अजून मोकळी झालेली नाही.

माणूस बुटका, रुंद, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. लाइनवर हात मागे बांधून फिरायचे, प्रत्येक मशीनची चौकशी करत असल्यासारखे. आवाज चढवायचे नाहीत. कुणी चूक केली तर त्याच्या शेजारी जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "हे असं का झालं, मला कळंना गेलंय बगा." समोरचा बिचारा समजावून सांगायला लागायचा आणि सांगता सांगता स्वतःच ओशाळायचा. आधी मला वाटायचं की ही त्यांची युक्ती आहे. नंतर लक्षात आलं, त्यांना खरंच कळत नसायचं. नवा कामगार असो, नवा साहेब असो, घरातली भानगड असो, त्यांची सुरुवात तिथूनच व्हायची.

वारांची नावं त्यांनी आपल्या सोयीने फिरवून घेतली होती. बुधवारी संध्याकाळी गेटवर म्हणायचे, "चला मॅडम, शनिवार संपला." शुक्रवारी सकाळी तोंड पाडून, "आज सोमवार हाय, जास्ती बोलू नका." लाइनवरच्या पोरांना याची इतकी सवय झाली होती की एकाने रजेच्या अर्जात शुक्रवारी 'सोमवार' लिहिलं आणि तो अर्ज माझ्या टेबलावर आला.

गुरुवारी आमची सोसायटी सोनटक्क्यांच्या ताब्यात असायची. पुरुषमंडळी कामाला, मुलं शाळेत, आणि हा एक कर्ता पुरुष घरी. कुणाचा गॅस यायचा असो, कुणाचा प्लंबर, कुणाचं पार्सल, ठरलेलं उत्तर एकच, "गुरुवारी सांगा, सोनटक्के आहेत." टाकी धुणाऱ्यांच्या डोक्यावर उभं राहणं, बँकेत पासबुक भरणं, महापालिकेत जाऊन पाण्याच्या तक्रारीचा पाठपुरावा करणं, सगळं त्यांचं. सुट्टीच्या दिवशी त्यांना कचेऱ्या उघड्या मिळायच्या, याचा त्यांना फार अभिमान. "रविवारवाल्यांचं काय हाय मॅडम, सुट्टी बी बंद आन् कचेरी बी बंद. जगायचं कसं माणसानं?"

दुपारी बाराच्या खेळाला एकटेच सिनेमाला जायचे. कुठला सिनेमा आहे हे तिथे गेल्यावर कळायचं. "थेटरात मी आन् पडदा. मधी कुणी नाही." एका गोष्टीचं मात्र दुःख होतं. त्यांच्या घरी गुरुवार पाळतात, म्हणजे मटण रविवारी. त्यामुळे सुट्टीचा दिवस आयुष्यभर शाकाहारी, आणि मटण खायचं ते कॅंटीनच्या बाकावर, डब्यातलं, गार झालेलं.

त्यांच्या पत्नी शकुंतलावहिनी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. त्यांची सुट्टी अर्थात रविवारी. मुलगी प्राजक्ता आयटीत लागली, तिची शनिवार-रविवार. तिघांना मिळून एक आख्खा दिवस असा कधी नव्हताच. मी एकदा वहिनींना म्हटलंही, "कसं जमवता हो?" त्या वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जमवायचं काय त्यात? एक जण घरात, एक बाहेर. दोघं एकदम घरात आले तर बसायचं कुठं?" मला ते हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं.

मग कंपनी चाकणला गेली.

नवी इमारत, नवं व्यवस्थापन, परदेशी गिऱ्हाईक. सुट्टी रविवारी, शिवाय एकाआड एक शनिवार. भोसरीत फक्त जुनं गोदाम राहणार होतं, तिथे सुट्टी पहिल्यासारखी गुरुवारी. असेंब्लीची सगळी माणसं चाकणला जाणार होती आणि सोनटक्क्यांना तिथे शिफ्ट इन्चार्ज करणार होते. या जागेची त्यांनी किती वर्षं वाट पाहिली हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. मधे दोनदा त्यांना डावलून दुसरी माणसं पुढे गेली होती. ज्याला चाकण जमणार नाही त्याने दिवाळीपर्यंत कळवावं, त्याला गोदामात जागा देऊ, पण एक पायरी खाली आणि पुन्हा वर यायची आशा नाही, असं व्यवस्थापनाने स्पष्ट सांगितलं होतं.

चाकणला जायच्या आधी आम्हाला एक प्रशिक्षण दिलं. विषय होता काम आणि आयुष्य यांचा समतोल. उत्पादनाचं नुकसान नको म्हणून ते ठेवलं गुरुवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी. शिकवायला आलेला तरुण गोड बोलणारा होता. त्याने फळ्यावर एक वर्तुळ काढलं आणि प्रत्येकाला सांगितलं, याचे तुकडे करा: नोकरी, कुटुंब आणि स्वतःसाठीचा वेळ. सगळे माना खाली घालून रेघा मारायला लागले. मी माझे तुकडे रंगवलेसुद्धा.

सोनटक्के कागदाकडे बघत बसले होते. तो मुलगा जवळ आला. "काका, काही अडचण?"

"सर, बाराच्या खेळाला जातो मी. ते सोतासाठी ना?"

"अगदी बरोबर!"

"जाताना बँकेत जातो. ते कुटुंब."

"हो."

"आन् थेटरात बसल्यावर मला लाइनवरची भानगड सुटते. बिजागरी धरायचं फिक्श्चर कुठं अडकायलंय ते अंधारात बसलं की दिसतं. मग ते कशात टाकू?"

तो मुलगा हसला. मग म्हणाला, "काका, तुम्ही सिनेमा बघताना कामाचा विचार करायचा नाही."

"का बरं? सिनेमा भंगार असला तर काय करू?"

हॉलमध्ये इतका हशा झाला की चहाची सुट्टी आधीच द्यावी लागली. सोनटक्के हसले नाहीत. वर्तुळाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. पण आज मला हिथं बोलावलं, ते कोणत्या तुकड्यात बसतं, ते इचारायचं राहिलं."

चाकणचा पहिला रविवार त्यांच्या घरी सणासारखा झाला. गरम मटण, तेही ताटात, तेही बायको-मुलीसोबत. दुपारी त्यांनी आमच्याकडे वाटी पाठवली. दुसऱ्या रविवारी ते स्वयंपाकघरात उभे राहून कांदा कसा चिरावा ते सांगत होते. तिसऱ्या रविवारी त्यांनी डबे काढून पुसले आणि डाळींच्या जागा बदलल्या. वहिनींच्या दोन मैत्रिणी दर रविवारी दुपारी यायच्या, पाय पसरून गप्पा मारायच्या, आता समोर सोनटक्के बनियनवर बसलेले, आणि मधूनच, "हे असं का म्हणायलाव, मला कळंना." मैत्रिणी यायच्या बंद झाल्या. प्राजक्ता दार लावून झोपायची. सोनटक्के खाली येऊन पार्किंगमध्ये फिरायचे, पण रविवारी तिथे सगळेच पुरुष असायचे आणि त्यांना कुणी काही काम सांगायचं नाही. बँक बंद, कचेरी बंद. थेटरात गर्दी. एकदा गेले ते मध्यंतरातच परत आले. मला म्हणाले, "पोरं रडायलीत, लोकं खायलीत. अंधार कसा तो नाहीच."

श्रावण संपला आणि मुलगी बघण्याचा तो प्रसंग घडला.

प्राजक्तासाठी देहूरोडच्या नलावड्यांचं स्थळ आलं होतं. मुलगा हिंजवडीला, वडील पिंपरीच्या एका कारखान्यातून नुकतेच निवृत्त. दोघा वडिलांचं फोनवर बोलणं झालं. सोनटक्के म्हणाले, "सुट्टीच्या दिवशीच या." नलावडे म्हणाले, "हा राव, सुट्टीलाच बरं. सगळे घरी असतात." दोघांनी आनंदाने फोन ठेवला. वार बोलायची दोघांनाही गरज वाटली नाही. आणि गुरुवारी सकाळी नलावडे पेढ्याचा पुडा घेऊन सोनटक्क्यांच्या दारात उभे राहिले.

आता गंमत बघा. नलावड्यांना निवृत्त झाल्यावरही सुट्टी म्हणजे गुरुवार. सोनटक्क्यांना चाकणला जाऊन महिने झालेले, रविवारची सुट्टी अंगाशी आलेली, पण 'सुट्टी' म्हटल्यावर डोक्यात गुरुवारच. त्यांनी तर त्या दिवसाची कंपनीतून रजा काढली होती! सुट्टीच्या दिवसासाठी आपण रजा का काढतोय, हे अर्ज लिहिताना त्यांच्या मनात आलं नाही का, असं मी नंतर विचारलं. म्हणाले, "आलं होतं मॅडम. पण मग कळंना झालं, म्हून सोडून दिलं."

नव्या व्यवस्थेत आम्हा ऑफिसवाल्यांना आठवड्यातून एक दिवस घरून काम करायची मुभा होती आणि मीही सवयीने गुरुवारच घेतला होता. बेल वाजली. दारात सोनटक्के, धुतलेला शर्ट, वरचं बटण लावलेलं. "मॅडम, पोहे कितपत भिजवायचे असतात?"

मी लॅपटॉप काखेत मारून त्यांच्याकडे गेले. वहिनी शाळेत, त्यांना या कार्यक्रमाचा पत्ता नाही. नलावडेबाईही कामावर. मुलगा ऑफिसात. फक्त प्राजक्ता घरी, आतल्या खोलीत, कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये. मी दारातून खुणेने सांगितलं, पाहुणे आलेत. तिने खुणेनेच विचारलं, कसले? मी डोक्यावर पदर घेतल्याची खूण केली. तिचे डोळे इतके मोठे झाले की मीटिंगमधल्या कुणीतरी तिला काय झालं ते विचारलं असणार, कारण ती इंग्रजीत म्हणाली, काही नाही, आवाज कट होतोय.

दोन मीटिंगच्या मधे ती बाहेर आली. वर झकास कुर्ता, खाली घरातला फुलाफुलांचा पायजमा. नलावड्यांनी खिशातून फोन काढून मुलाला लावला. तो ऑफिसच्या जिन्यात उभा होता, मागून माणसं चढत-उतरत होती.

"नमस्ते," तो म्हणाला. "सॉरी, पप्पांनी मला आत्ताच सांगितलं."

"मलाही," प्राजक्ता म्हणाली.

"तुमची पण मीटिंग आहे?"

"बारा वाजता. तुमची?"

"माझीपण."

दोघांनीही घड्याळं पाहिली. नलावडे फोन हातात धरून अभिमानाने म्हणाले, "विचारा ना, काय विचारायचं ते. आज सुट्टीच आहे."

प्राजक्ताने वडिलांकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या चेहऱ्यावर वडिलांना कुणी बसमधून मधेच अनोळखी ठिकाणी उतरवून दिल्यासारखी काळजी होती.

स्थळ जमलं नाही. दोघा वडिलांचं मात्र असं जमलं की त्या दुपारी ते बाराच्या खेळाला जोडीने गेले.

संध्याकाळी वहिनी आल्या आणि बी विंगचे जिने चढताना त्यांना शेजारणीकडून कळलं की आपल्या मुलीला बघून गेले. त्या तशाच माझ्याकडे आल्या, खांद्याला पर्स, हातात छत्री.

"रोहिणीताई, वेळापत्रक तुम्हीच करता ना कंपनीचं?"

"मालाचं करते वहिनी. माणसांचं वेगळं असतं."

"मग ज्यांचं असतं त्यांना सांगा. ह्यांना गुरुवार परत द्या हो." त्या सोफ्यावर बसल्या. "रविवारी मला घर मिळायचं. आता घरात हे मिळतात. दिवसभर माझ्या मागं-मागं, हे काय करतेस, ते का करतेस. इतक्या वर्षांत इतकं कधी बोलणं नव्हतं आमचं, आणि आता जे आहे ते सगळं डाळीच्या डब्यांवर."

मी त्यांना चहा दिला. त्या रडतील असं वाटलं होतं. त्यांनी बिस्किट मागितलं.

दिवाळी जवळ आली तसे सोनटक्के माझ्या टेबलाशी घुटमळायला लागले. एकदा बसले. "मॅडम, तुमी लिहून काढता ना समदं. माझं बी काढा."

मी कागदावर उभी रेघ मारली. इकडे चाकण, तिकडे गोदाम. चाकणच्या बाजूला शिफ्ट इन्चार्जची जागा, मान, घरच्यांसोबतची सुट्टी, एकाआड एक शनिवार, गरम मटण. गोदामाच्या बाजूला एक पायरी खाली आणि गुरुवार. मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. माझ्या हिशेबाने प्रश्न सुटला होता.

त्यांनी तो बराच वेळ वाचला. "बरोबर हाय. यात काही चुकलं नाही." मग बोटाने 'घरच्यांसोबतची सुट्टी' दाखवून म्हणाले, "हे मात्र तुमी ह्या बाजूला लिहिलंव."

"मग कुठे लिहू?"

"तेच तर कळंना."

दिवाळीच्या आधी त्यांनी गोदाम मागून घेतलं. चाकणची जागा त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या मुलाला मिळाली. निरोपाला त्यांनी लाइनवर सगळ्यांना पेढे वाटले. लोक म्हणाले, राव, डोकं फिरलं काय तुमचं? आणि खरा घोटाळा पुढेच झाला. बातमी ऐकून वहिनी हबकल्या. "मी एवढं मनावर घ्या म्हटलं होतं का? बोलतं माणूस!" त्या सोनटक्क्यांशी चार दिवस धड बोलल्या नाहीत. गुरुवार परत द्या हे आपलं वाक्य ह्यांच्या कानावर गेलं आणि त्यापायी एवढी वर्षं वाट पाहिलेली इन्चार्जची जागा गेली, असं त्यांच्या मनाने घेतलं. सोनटक्के म्हणत राहिले, "तुझ्यामुळं नाही, मला माझा दिवस पायजे होता." वहिनींना वाटे, हे आपलं मन राखायला बोलतायत. प्राजक्ताला वाटे, बाबा चाकणला घाबरले. व्यवस्थापनाने नोंद केली, 'प्रवासाचे अंतर'. मी चौघांचंही ऐकलं आणि प्रत्येक वेळी पटल्यासारखी मान हलवली.

त्यानंतर माझी त्यांची गाठ कमी झाली. गुरुवारी मी घरून काम करत असले की खालून त्यांचा आवाज यायचा, टाकीवाल्याला काहीतरी कळत नसल्याचं सांगणारा. एवढंच.

परवा एका रविवारी कळलं की सोमवारी चाकणला माल कमी पडणार, आणि गोदामातला साठा मोजून घ्यायला मला सुट्टीच्या दिवशी भोसरीला जावं लागलं. फोनवर भागलं असतं, पण मला डोळ्यांनी बघितल्याशिवाय चैन पडत नाही. दुपारची वेळ होती. वॉचमनने वही पुढे केली, मी सही केली. गोदामात पत्र्याखाली उकडत होतं. ट्रकला माल चढत होता आणि सोनटक्के हात मागे बांधून खोके मोजत होते.

त्यांच्या मागे, रॅकच्या सावलीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर शकुंतलावहिनी बसल्या होत्या. चांगली इस्त्रीची साडी, त्यावर पाहुण्यांना देतात ते भडक केशरी सुरक्षा जॅकेट, मांडीवर वर्तमानपत्राची रविवार पुरवणी. शेजारी उलट्या खोक्यावर जेवणाचा डबा, धुऊन उपडा घातलेला.

"वहिनी, तुम्ही? आज?"

"रविवारी येते दुपारची. बस मिळते डांगे चौकातून." त्यांना यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं.

"पण तुम्हाला रविवारी घर हवं होतं ना? मैत्रिणी येतात ना आता?"

"येतात की, आता सकाळच्या येतात. त्या गेल्या की निघते."

"मग घरी असताना का नको होते हो ते?"

वहिनींनी चष्मा वर केला आणि माझ्याकडे पाहिलं, वर्गात एखाद्या बऱ्या विद्यार्थ्याने भलताच प्रश्न विचारावा तसं. "इथं त्यांना काम असतं ताई. ते त्यांचं करतात, मी माझं वाचते. मधेच एखादं वाक्य बोलतात. बरं वाटतं."

"काय बोलतात?"

"काही नाही. खोके किती झाले, ऊन किती झालं."

मी माझा साठा मोजला. आकडा जुळला. निघताना सोनटक्क्यांना म्हटलं, "जमलं म्हणायचं तुमचं?"

ते खोक्यांवरून नजर न काढता म्हणाले, "काय जमलं, मॅडम?"

तेवढ्यात फोर्कलिफ्ट माल घेऊन रॅकच्या बाजूने वळली. सोनटक्के मागे न बघताच ओरडले, "अगं, पाय वर घे."

वहिनींनी पुरवणीचं पान उलटलं आणि वाचता वाचता दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. गाडी त्यांच्या साडीच्या काठाला वारा घालत निघून गेली.